डाव्या चाकातला आवाज

धडधाकट चालणारी गाडी भर रस्त्यात उभी करून, तिघांच्या मदतीनं ती नीट बिघडवायचा मान आमच्या घराण्यात फक्त मला मिळालेला आहे, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही गोष्ट आमच्या घरात सगळेच सांगतात आणि सगळेच चुकीची सांगतात. थोरला मुलगा सांगतो तेव्हा मी त्यात मूर्ख असतो. धाकटा सांगतो तेव्हा महामूर्ख. सुना तर माझ्याच ताटात पोळी वाढता वाढता हसतात. गोष्ट बरोबर सांगणारी एकच बाई होती, माझी बायको सिंधू. ती गेली. (ती सांगायची तेव्हाही मी मूर्खच असायचो, पण ती मध्येच थांबून माझ्याकडे बघायची. त्यामुळे चालून जायचं.) आता लोक म्हणतात, आबा, जुनं काढू नका, त्रास होईल. का काढू नको? गोष्ट माझी, गाडी माझी, बायको माझी! त्रास व्हायचा तो मला होईल. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो. शुद्धलेखनाचा नाद मास्तरांनी आधी सोडला, मग मी सोडला. पण लिहिणार.

जळगावला माझी पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याच्या डोळ्यांत कायम पीठ, म्हणून त्याचा सगळा कारभार कानावर. पट्टा सैल झाला, दगड घासायला लागला, कोणी न निवडलेले गहू आणले, हे मी मागच्या घरात जेवता जेवता सांगायचो. भिंतीपलीकडच्या गड्याला म्हणायचो, "पट्टा बघ रे," आणि पुढचा घास घ्यायचो. अशा कानाचा माणूस गाडी घेतो तेव्हा काय होतं ते आता बघा.

गाडी आधी एका डॉक्टरांची होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा काही दोष नव्हता. कंपनीनं दिली तेव्हा ती नवी होती, मी घेतली तेव्हा ती म्हातारी होती, मधलं सगळं डॉक्टरांनी केलं. नाक गोल, रंग एकेकाळी पांढरा. खोड एकच, डावीकडे ओढायची. तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलंत तरी ती हळूहळू रस्त्याच्या कडेच्या पानटपरीकडे जायची. ("डॉक्टर पान खायचे का हो?" असं सिंधूनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.)

त्या साली श्रावणाच्या आधी मी तिचं पुढचं सगळं काम काढलं. शॉकअप नवे, रबरी बुश नवे, दोन्ही चाकांची बेअरिंगं नवी. चाकं सरळ रेषेत आणून घेतली. जळगावचा मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाला, "आबा, आता स्टिअरिंगवर झोपलात तरी धुळ्यात जाग येईल!" मी झोपलो नाही, पण गावभर सांगत सुटलो. (ओढ मात्र डावीकडेच राहिली. मिस्त्री म्हणाला, ती सवय आहे, दोष नव्हे.)

एवढं सगळं केलं ते कानबाईसाठी.

नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ, पण आमच्या बायकांसमोर "नुसतं नारळ" म्हणून बघा, उंबऱ्यावर उभं करणार नाहीत! तिला डोळे, नथ, कुंकू, दागिने, शालू. नव्या नवरीचं झालं नसेल एवढं कौतुक. आमच्या कुळाची कानबाई दरसाल नवी नसते. आजीच्या वेळेपासूनची तीच. सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची, पाण्याला लावायची आणि परत घरी आणायची. घरातल्या माणसामाणसाच्या नावानं गहू मोजून रोट करायचे, ते फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला त्यातला कणही द्यायचा नाही. (रोटाचे गहू घरी जात्यावर दळायचे. घरची गिरणी असून देवीनं माझ्या गिरणीचं पीठ कधी तोंडात घेतलं नाही. मी मनाला लावून घेतलेलं नाही.)

आम्हा भावांत कानबाई पाळीपाळीनं बसायची. आदल्या साली माझ्याकडे होती, त्या साली धुळ्याला नानांकडे. नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. तेव्हा कानबाई जळगावहून धुळ्याला रविवारी दिवेलागणीच्या आत पोचवायचं काम माझं. ती पाटावर बसेपर्यंत तिकडे सगळी भाऊबंदकी उपाशी.

आता यात गाडीचा हट्ट कुठून आला? तर नानांच्या तोंडातून आला. एका लग्नाच्या पंगतीत, सगळ्या भाऊबंदांसमोर नाना म्हणाले, "कानबाईले एस.टी.मा लई ये रे."

"एस.टी. कशाला? माझी गाडी आहे की."

"ती काय गाडी शे? चाकं लायेल कोंबडीस्ना खुराडा शे तो!"

पंगत हसली. वाढणारा पण हसला, माझ्या पानावरची बुंदी त्यानं शेजाऱ्याच्या पानावर वाढली. समोर बायकांच्या पंगतीत सिंधू बसलेली. जेठांसमोर, म्हणजे नानांसमोर, तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही की तोंड वर केलं नाही. पण पदराखालीही तिची मान आणखी खाली गेली, ते मी बघितलं. मी उभा राहिलो. एक हात खरकटा.

"नाना, कानबाई तुमच्या दारात माझ्या गाडीतूनच उतरेल. नाही उतरली, तर त्या गाडीत मी कोंबड्याच पाळीन!"

झालं. आता मागं फिरायला जागा नाही.

रविवारी दुपारी निघालो. पुढे माझ्या डाव्या हाताला सिंधू, तिच्या मांडीवर लाल खणात गुंडाळलेली कानबाई. मागे सिंधूचा धाकटा भाऊ प्रभाकर. त्याचं धुळ्याला काही काम होतं. परक्या कुळातला म्हणून त्याला तिकडे रोट खायला मिळणार नव्हता. त्यामुळे तो जळगावपासूनच माझं डोकं खात होता.

पाळधी मागं पडलं आणि एका लहानशा खड्ड्यात मला ऐकू आलं.

टक्.

मी श्वास धरला. पुढच्या खड्ड्यात, टक् टक्. डावीकडून, पुढून. जिथं सगळा नवा माल घातला होता, नेमका तिथून!

"अहो," सिंधू म्हणाली.

"थांब. ऐकू दे."

मागून प्रभाकर पुढं वाकला. "दाजी, बेअरिंग गेलं."

"नवं आहे ते."

"म्हणूनच गेलं. जुनं असतं तर मुरलं असतं!"

एरंडोलच्या पुढं एका निंबाखाली गाडी घेतली. पुढच्या चाकाचं दुखणं शोधायची एक रीत आहे, ती मला येत होती. आधी बोनेटच्या कोपऱ्यावर अंग टाकून गाडी खाली दाबायची आणि सोडायची. वर येऊन गपगुमान थांबली तर शॉकअप चांगला, डोलत राहिली तर गेला. आमची थांबली. मग जॅक लावून चाक उचलायचं, वरखाली धरून हलवायचं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं. जिथं खेळतं तिथं दोष. मी हलवलं, प्रभाकरनं हलवलं, दोघांनी मिळून हलवलं. चाक सासऱ्याच्या मानेसारखं ताठ! फिरवून कान लावला, तर लोण्यात सुरी फिरावी तसं फिरतंय. सिंधू कानबाईला घेऊन सावलीत शांत उभी.

एवढ्यात केळीचा ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरलाही नाही, खिडकीतूनच त्यानं विचारलं काय झालं, आणि खिडकीतूनच निकाल दिला. "स्टेरिंग का जोड गया है, चाचा! चलते चलते चक्का निकल जाएगा, माँ कसम!" आणि गेला निघून. अशी माणसं सांगून निघून जातात, आणि ते ऐकून आपण तिथंच राहतो. त्यानंतर मला प्रत्येक टक् मध्ये चाक निखळून पुढं पळताना दिसायला लागलं.

"अहो, मी काय म्हणते," सिंधू गाडीत बसता बसता म्हणाली.

"तू कानबाईकडे बघ, मी चाकाकडे बघतो!"

असं मी बोललो. बोललो ते बोललो.

पारोळ्यातून आम्ही अशा बेतानं गेलो की एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं. त्याच्या कॅरियरला चाऱ्याचा भारा होता. वळून त्यानं विचारलं, "काय व्हयनं, आबा?" मी हॉर्न वाजवला. दुसरं काय करणार?

मुकटीला रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज दिसलं. भिकन मिस्त्री दारातल्या खाटेवर पडलेला. घरी कानबाईची गडबड, पायात येतो म्हणून बायकांनी हाकललेला, त्यामुळे त्याला काम हवंच होतं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "चला, एक चक्कर मारू." सिंधू खाटेवर टेकली. भिकन, प्रभाकर आणि मी चक्कर मारून आलो. एक खड्डा सोडला नाही.

आवाज नाही! मुंगी शिंकली असती तर ऐकू आली असती, इतकी गाडी मुकी.

"आबा, गाडी तं नंबर एक शे."

"सिंधू, बस गं."

सिंधू बसली. चक्कर. टक् टक् टक्!

सिंधू उतरली. चक्कर. गपगार.

भिकनच्या कपाळाला आठ्या पडल्या. सिंधूला मागच्या सीटवर उजवीकडे बसवलं, प्रभाकर पुढं आला. चक्कर. आता टक् टक् मागून, उजवीकडून!

"दोष मागं सरकला!" प्रभाकर ओरडला.

परत गॅरेजला आलो. भिकन खाली उतरला. आधी आभाळाकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग स्वतःच्या चपलेकडे. सिंधू सोडून सगळीकडे बघून झाल्यावर मला बाजूला घेऊन (पण सगळ्यांना ऐकू जाईल असं) म्हणाला, "आबा, राग नका येऊ देऊ. वहिनी बठन्यात का आवाज येस. वहिनी उतरन्यात का बंद व्हस."

"मग?"

"वजन."

सिंधूचं वजन म्हणाल तर अर्ध्या पोत्याइतकं. अशी पोती मी गिरणीत एका हातानं फिरवायचो. ती गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं."

संसारात मी पुष्कळ "बरं" ऐकली आहेत. हे जे होतं, त्यानंतर घरात दोन दोन दिवस नुसती ताटं वाजायची. ती खाटेवर जाऊन बसली, कानबाई मांडीवर, ओठ घट्ट.

इकडे आमचा शोध पुढं गेला. भिकनचं म्हणणं असं की वजन आलं की डाव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे ज्या गोटीवर चाक वळतं ती गोटी, जागेवरून उघडते. मी विचारलं, मग आवाज मागून उजवीकडून कसा आला? भिकन म्हणाला, "आवाज लोखंडातून फिरस, आबा. निघस एकीकडे, येस दुसरीकडे." मला पटलं. गिरणीत असं कधी झालं नव्हतं, पण गिरणीला चाकं नव्हती.

"खोला!" मी म्हणालो.

समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला उखाभाऊ मदतीला आला. त्याचा ट्रॅक्टर तिथंच उभा होता. गाड्यांतलं त्याला काही कळत नव्हतं, पण पाना घट्ट धरून ठेवता येत होता, आणि आमच्यातल्या बाकीच्यांपेक्षा ते पुष्कळच होतं. चाक काढलं. शॉकअप काढला, नवाकोरा. मग भिकन खालचा दांडा सोडवायला लागला. त्या दांड्यावर गाडीची मोठी स्प्रिंग दाबून बसलेली असते. तिला खालून जॅकचा टेकू देऊन हळूहळू, पोर झोपवावं तशी सैल करायची असते.

"हळू," भिकन म्हणाला.

"हळूच आहे," प्रभाकर म्हणाला, आणि त्याच्या गुडघ्याचा धक्का जॅकला लागला.

ठण्ण!

स्प्रिंग सुटली. आम्ही जमिनीला चिकटलो. ती बाहेर उसळली, पत्र्यावर एकदा आपटली, तिथून जोर घेऊन गॅरेजच्या मागं गेली. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग लांबून आवाज आला.

डुबुक.

भिकननं टोपी काढली. "विहीर खोल शे, आबा."

त्या दिवशी कोणीही केलेलं हे एकमेव बरोबर निदान!

तरीपण बॉल जॉइंट तरी बघून घेऊ म्हणून आम्ही पुन्हा गाडीखाली घुसलो. चौघे उताणे, पाय बाहेर. गोटी हातात घेतली, फिरवली, हलवली. घट्ट. कुठं खेळत नाही, कुठं वाजत नाही. आणि तेवढ्यात,

टक्. टक्.

"आला!" मी ओरडलो.

"कुठून?"

गाडी ठोकळ्यावर. चाक धुळीत आडवं. स्प्रिंग विहिरीत. आणि आवाज आमच्या पायांच्या बाजूनं निघाला, गाडीच्या मागून गेला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसला.

चारही डोकी गाडीखालून बाहेर आली. बाकड्यावर सिंधू होती. तिला चहाची तल्लफ आली होती.

मी रस्ता ओलांडला. हाताला ग्रीस, तोंडाला ग्रीस. "हलव."

"काय हलवू?"

"कानबाईला. जरा हलव."

तिनं आधी कानबाईला हात जोडले, मग खणासकट हलकेच हलवलं. टक्. टक्. आजीच्या वेळेपासूनचं नारळ! आतलं खोबरं कधीच सुकून गोटा झालं होतं, करवंटीपासून सुटलं होतं आणि जळगावपासून आतल्या आत आपटत आलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? कानबाई बोलते. सासूबाई सांगायच्या, वाटेत बोलली तर ती राजी असते. मला वाटलं, तुम्ही गाडीच्या कुठल्या दुसऱ्या आवाजाचं म्हणताय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"'अहो' म्हटलं. 'मी काय म्हणते' म्हटलं."

"आणि इथं आल्यावर?"

"इथं आल्यावर माझं वजन निघालं."

मागून प्रभाकर आला. "दाजी, नारळाचं ठीक आहे, पण बेअरिंग मात्र..."

"गप!"

आता हसणाऱ्यांनी मला एक सांगावं. गाडीच्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय की पुढचं चाक वाजायला लागलं तर आधी बायकोच्या मांडीवरची देवी हलवून बघा? डावीकडून आवाज आला, आम्ही डावं चाक खोललं. ह्यात चूक काय ते दाखवा! भिकनही हेच म्हणाला, "मी गाडीना मिस्त्री, नारळना नाही." मी आजही त्याच्या बाजूनं उभा आहे.

पण ऊन कलायला लागलं होतं. तिकडे धुळ्यात पाट मांडलेला असणार, कण्हेरीची फुलं आणलेली, रोट रांधलेले, लहान पोरं भुकेनं रडकुंडीला. आणि आमची गाडी एका पायावर लंगडी. तेवढ्यात पारोळ्याकडून धुळ्याची एस.टी. आली. प्रभाकरनं दोन्ही हात हलवून ती थांबवली, चढला आणि दारातून ओरडला, "अक्का, चल! दिवे लागायच्या आत पोचू!"

कंडक्टर म्हणाला, "बाई, लवकर!"

मी सिंधूला म्हटलं, "जा. कानबाई वेळेवर पोचली पाहिजे. कोंबड्यांचं काय ते मी बघतो."

सिंधू उठली. एस.टी.कडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग टक् टक् करत निघाली, एस.टी.च्या पुढून गेली, आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. दार लावून घेतलं.

"सिंधू, अगं, गाडीला चाक नाही!"

"दिसतंय मला."

"मग?"

"तुम्ही पंगतीत सगळ्यांसमोर बोललात. गाडीतून म्हणजे गाडीतून. आता गाडी कशी न्यायची ते तुम्ही बघा. मी कानबाईकडे बघते."

कंडक्टरनं दोरी ओढली. एस.टी. गेली, प्रभाकरला घेऊन. मी तिथं उभा. ज्या बाईचं आम्ही तिघांनी मिळून भर रस्त्यात वजन काढलं, ती माझ्या शब्दासाठी मोडक्या गाडीत जाऊन बसली होती. मी बाहीनं तोंड पुसलं. (ग्रीसमुळे.)

उखाभाऊ हे सगळं चहाचा ग्लास हातात धरून बघत होता. त्यानं ग्लास ठेवला. "कानबाई शे का गाडीमा? मंग ईचार काय करतस, भाऊ? उचला नाक!"

ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेतली. टपरीवरचे, रस्त्यावरचे, सायकलवरचे, सगळे धावले. सिंधूला म्हटलं, घटकाभर उतर. ती म्हणाली, "माझं वजन जास्त आहे का?" कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्यासकट गाडीचं नाक उचललं, ट्रॉलीच्या मागच्या फळीवर चढवलं आणि दोरांनी आवळून बांधलं. सुटं चाक ट्रॉलीत टाकलं. त्या चाकावर भिकन बसला, कारण एवढं सगळं खोलून घरी जायला त्यालाही लाज वाटली.

मी स्टिअरिंगवर बसलो. पुढची बाजू हवेत होती हे मला ठाऊक आहे, सांगायची गरज नाही! पण मालक गाडीत असताना स्टिअरिंग मोकळं सोडायचं नसतं. मुकटी ते धुळे मी वळणावळणाला नीट स्टिअरिंग फिरवलं. समोर काचेत नुसतं आभाळ आणि भिकनचं तोंड. मागं सिंधू अशी कललेली, जणू आरामखुर्चीत. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

"सिंधू, गाडी डावीकडे ओढत नाही!"

"बरं," ती म्हणाली. पण हे "बरं" वेगळं होतं.

ट्रॅक्टरच्या भडभडीतही मला मागून टक् टक् ऐकू येत होतं. मी कान देऊन ऐकत होतो. सांगितलं ना, गिरणीवाल्याचा कान. इतक्या आवाजात नेमकं हवं ते ऐकायची त्याला सवय असते. हल्ली घरात कुठलाच आवाज नसतो, आणि तो कान तसाच उघडा राहतो. असो.

धुळ्यात शिरलो तेव्हा अंधारायला लागलं होतं, पण दिवे लागायचे होते. नानांच्या गल्लीच्या तोंडाशी बघतो तर अख्खी गल्ली बाहेर! प्रभाकर आधी पोचला होता, आणि त्यानं घरोघर जाऊन सगळं सांगितलं होतं. (रोट मिळाला नाही, तर माणूस असा सूड घेतो.) ढोलवाले तयार. बायका आरती घेऊन. पोरं ट्रॅक्टरपुढं नाचायला लागली. दोरांनी बांधलेली गाडी, वर केलेलं नाक, आत तिरकी बसलेली सिंधू, अशी आमची मिरवणूक नानांच्या दारात आली. मी हॉर्न वाजवला. वाजला!

बायकांनी सिंधूला हाताला धरून वरच्या वर ओढून काढली. कानबाई उतरली. नाना दारात उभे. त्यांनी गाडीकडे बघितलं. ट्रॉलीतल्या चाकाकडे बघितलं. चाकावरच्या भिकनकडे बघितलं.

"गाडीमाईन उनी का कानबाई?"

"गाडीतूनच आली, नाना. चारांतली दोन चाकं सबंध वाट रस्त्याला होती. किती चाकांवर यायचं, ते तुम्ही बोलला नव्हतात!"

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, पुढं झाले, कानबाई हातात घेतली आणि पाटावर बसवली. तेवढ्यात घरात दिवा लागला. पोरांनी आरती अर्धी गायली आणि अर्धी गिळली, एवढी भूक लागली होती त्यांना.

रात्री भाऊबंदांची पंगत बसली. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. (प्रभाकर, भिकन आणि उखाभाऊंना ओट्यावर वेगळा स्वयंपाक. तिघं तिकडे बेअरिंगवरून भांडत होते.) नाना उभे राहिले. सगळे गप्प झाले, कारण ह्या पंगतीत नाना बोलले की तो निकाल असतो.

"आयका," नाना म्हणाले. "पुढली पाळीले बी कानबाई याच गाडीमा येई. सिंधू बी याच गाडीमा येई."

माझी छाती फुगली. मी मिशीला हात लावला.

"तू मातर," माझ्याकडे बोट करून नाना म्हणाले, "एस.टी.मा ये!"

पंगत कोसळली. आणि त्या सगळ्या हसण्यात मला एक हसणं वेगळं ऐकू आलं. मी वर बघितलं. लग्न होऊन आल्यापासून जेठांसमोर जिनं तोंड वर केलं नव्हतं, ती सिंधू, हातातलं वाढायचं पातेलं तसंच धरून, पदर खांद्यावर घसरलेला, नानांच्या समोर मोठ्यानं हसत होती. पदर सावरायचंही तिला सुचत नव्हतं.

आता पोरं विचारतात, आबा, चांगलं चाक तुम्ही खोललंत तरी कशाला? अरे, ते हसणं ऐकायला मिळत असेल तर मी दुसरंही खोललं असतं! आणि खरं सांगू? उजव्या चाकातही मला तेव्हा काहीतरी ऐकू येतच होतं.